आठ स्क्रू

ओमानमध्ये बर्फावरून घसरायच्या फळ्या कोण विकत घेतं, असं मी सुट्टीवर गावी गेलो की हमखास विचारलं जायचं. देवरुखच्या बाजारपेठेत उभं राहून याचं उत्तर देणं सोपं नव्हतं. मस्कतमध्ये उन्हाळ्यात गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला की चटका बसतो, आणि तिथेच अझैबा भागात, खेळाच्या सामानाच्या एका दुकानाच्या मागच्या वर्कशॉपमध्ये मी स्नोबोर्डांना मेण लावत होतो. मूळचा मी सुतार, रत्नागिरीच्या आयटीआयचा. व्यायामाची यंत्रं जोडायला म्हणून मस्कतला आलो आणि स्नोबोर्डचा कारागीर होऊन निवृत्त झालो. बर्फ मात्र तोवर फ्रीजरमधलाच पाहिलेला.

घेणारे होते. नाताळला मायदेशी जाणारे गोरे साहेब होते, परदेशात शिकून आलेली ओमानी मुलं होती. दोन हजार पंधराच्या आसपास जॉर्जियाला जायची टूम निघाली आणि आमचं काम वाढलं. काही जण बर्फाची फळी बिदियाच्या वाळवंटात नेऊन घसरायचे आणि परत आणायचे तेव्हा तिचा तळ सँडपेपर मारल्यासारखा झालेला असायचा. वाळूची फळी वेगळी, तिचा तळ फॉर्मायकासारखा कडक असतो, हे सांगून मी थकलो. एका बाईंनी दुकानातली सगळ्यात उत्तम फळी घेतली आणि दिवाणखान्यात शेल्फ म्हणून लावायची आहे, तर कोपऱ्यांना भोकं पाडून द्या म्हणाल्या. मी पाडून दिली. त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

चांगली फळी ओळखायला बर्फ पाहिलेला असावा लागत नाही, असा माझा तेव्हा समज होता. ती आतून लाकडाची असते. लाकडाच्या पट्ट्या उभ्या चिकटवलेल्या, वर-खाली काचेच्या तंतूंचं कापड, खाली गुळगुळीत तळ आणि कडेनं पोलादाची धार. मी फळीचं शेपूट जमिनीवर टेकवून टोक डाव्या हातात धरायचो आणि उजव्या तळव्यानं मधोमध दाबायचो. मऊ फळी धनुष्यासारखी वाकते. कडक फळी तळव्याला उलट ढकलते. मग बोटाच्या पेरानं टकटक करत टोकापासून शेपटापर्यंत जायचं. कुठे थर सुटला असेल तर आवाज बसका येतो. नवशिक्यानं मऊ घ्यावी, ती चुका पोटात घालते. वजनदार आणि वेगानं जाणाऱ्या माणसाला कडक हवी, नाहीतर वेगात ती पायाखाली फडफडते. पण गिऱ्हाइकाला वाटतं कडक म्हणजे भारी, आणि सगळ्यांना तीच हवी असते.

सलीमला मात्र खरंच कळत होतं. सोहारच्या धातूच्या कारखान्यात इंजिनियर, वय तिशीच्या आत, परदेशात शिकताना चार हिवाळे बर्फावर काढलेले. बुधवारी संध्याकाळी तो आला तेव्हा बाहेर गाडीत त्याचा मित्र हमद वाट पाहत होता. रस्त्यानं दुबई, तिथून जॉर्जियाचं सकाळचं विमान, असा त्यांचा बेत होता. सलीमनं चार फळ्या स्वतः दाबून पाहिल्या आणि सगळ्यात कडक फळीवर हात ठेवला.

"ही कुणाला देतोस तू?" त्यानं हिंदीत विचारलं.

"ज्याला थांबवता येते त्याला," मी म्हणालो.

तो हसला. बूट घालून बघायला त्यानं दिशदाशा, म्हणजे तिथला पायघोळ अंगरखा, वर घेतली तेव्हा डाव्या नडगीवर लांबलचक व्रण दिसला, टाक्यांच्या खुणांसकट. मी पाहिलं हे त्याला कळलं. "फुटबॉल," तो म्हणाला. मी मान हलवली आणि बुटाची नाडी आवळली.

बूट फळीवर धरून ठेवणाऱ्या पकडीला बाइंडिंग म्हणतात. एका पायाला चार, असे आठ स्क्रू त्या दोन पकडी फळीत आवळतात. सलीमनं घेतलेली बाइंडिंग नव्या तऱ्हेची होती, बुडाशी जाड. मी खोक्यातून ती काढली, माझ्या खणातले नेहमीचे स्क्रू घेतले आणि कडक फळी कशी बांधतात यावर त्याला व्याख्यान देत देत आवळली. ओढून पाहिली, घट्ट होती. "मी बसवलेलं बाइंडिंग आजवर सुटलेलं नाही," असंही वर म्हणालो. ते खरं होतं.

गुरुवारी सकाळी रिकामी खोकी रद्दीत टाकण्यासाठी मी चपटी करत होतो. त्या बाइंडिंगच्या खोक्याच्या झाकणाला आतून एक प्लास्टिकची लहानशी पिशवी चिकटवलेली होती. पिशवीत आठ स्क्रू होते. मी खणातला एक स्क्रू काढून शेजारी धरला. पिशवीतले बोटाच्या अर्ध्या पेराएवढे जास्त लांब होते. बूड जाड, म्हणून स्क्रू लांब. माझे आखूड स्क्रू त्या जाडीतून कसेबसे पलीकडे गेले असणार आणि फळीत त्यांचे जेमतेम दोन आटे धरले असणार. दोन आटेसुद्धा हाताला घट्टच लागतात.

बिलावरचा सलीमचा नंबर लावला. बंद. पाच मिनिटांनी पुन्हा, मग पुन्हा. विमानात असेल असं स्वतःला सांगितलं, आणि तो उतरून सरळ डोंगरावर जाईल हेही त्याच वेळी मनात आलं.

आमची डिलिव्हरीची गाडी चालवणारा इक्बाल म्हसळ्याचा. आम्ही दोघं इतकी वर्षं एकत्र जेवलेलो की माझा चेहरा पाहून तो आत आला.

"काय झाला रे मनोहर?"

मी दोन्ही स्क्रू त्याच्या हातावर ठेवले आणि सांगितलं. त्यानं ते बोटांनी फिरवून पाहिले. मग म्हणाला, "खात्री करून बघू. उगाच कशाला घाबरायचा."

तशीच दुसरी बाइंडिंग होती. ती मी आखूड स्क्रूंनी एका जुन्या फळीवर बसवली, फळी टेबलाला शिकंज्यात आवळली आणि इक्बालनं बूट चढवले. टेबलाची कड धरून तो पुढे-मागे झुलायला लागला, टाचेवर, चवड्यावर, टाचेवर. पाच मिनिटं काही झालं नाही. माझा श्वास थोडा मोकळा झाला. तेवढ्यात खालून बारीक टिकटिक ऐकू आली. मी वाकून बोट लावलं तर चारातले दोन स्क्रू नुसत्या बोटानं फिरत होते.

"उतर," मी म्हणालो.

मऊ फळी वाकते आणि थोडा जोर स्वतःच खाते. कडक फळी वाकत नाही, सगळा जोर स्क्रूंवर येतो. आणि ती फळी मी दिली होती, वेगानं जाणाऱ्या माणसाला.

मॅनेजर थॉमस वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, दार लावलं आणि म्हणाला, "भाई, जाने से पहले स्क्रू चेक करना कस्टमर का काम है, मॅन्युअल में लिखा है. तू मेसेज भेज दे और बात यहीं खलास कर. लिखके मत दे कि गलती अपनी है." मेसेज मी आधीच पाठवला होता. त्याच्यापुढे एकच टिक होती, म्हणजे तो पोचलेला नव्हता. मी थॉमसला म्हणालो, मला सोहारला जायचंय, त्याच्या कारखान्यात कुणाकडे तरी दुसरा नंबर असेल, अर्ध्या दिवसाची रजा लिही. त्यानं इक्बालला गाडीची किल्ली दिली.

मस्कत ते सोहार अडीच तास. एरवी त्या रस्त्यावर इक्बालची बडबड चालू असते. त्या दिवशी बरका गेलं, सुवैक गेलं, तो नुसता गाडी हाणत राहिला. माझ्या मांडीवर ती पिशवी होती आणि मी दर दहा मिनिटांनी फोन बघत होतो. डोळ्यांसमोर कधीही न पाहिलेला डोंगर येत होता. एक पाय सुटलेला आणि दुसरा फळीला बांधलेला माणूस उतारावरून कसा पडत असेल, याचाच विचार डोक्यात होता.

कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्यानं सलीमच्या विभागात फोन लावला. हेल्मेट घातलेला एक ओमानी तरुण बाहेर आला. सलीम चार दिवस रजेवर आहे, त्याचा दुसरा नंबर माझ्याकडे नाही, म्हणाला. मी घरचा पत्ता मागितला तेव्हा तो घुटमळला. मी त्याला पिशवी दाखवली, काय झालंय ते सांगितलं. मग त्यानं किनाऱ्याजवळच्या मासळीबाजारामागचं घर समजावून सांगितलं.

सलीमचे वडील दारातच भेटले. सत्तरीचे, बलुची, डोक्याला टोपी, हात सुताराचे असावेत तसे. हयातभर त्यांनी लाकडी होड्या बांधल्या होत्या आणि मुंबईच्या माणसांबरोबर काम करून हिंदी छान शिकले होते. आम्ही सलीमच्या ओळखीचे म्हटल्यावर त्यांनी आत बसवलं.

"पहले कहवा," ते म्हणाले. "बात बाद में."

खजूर आले, कॉफी आली. कप खाली ठेवून मी विचारलं, "चाचा, सलीमशी बोलायचं होतं. त्याचा फोन लागत नाही."

"वो दुबई में है. कंपनी की ट्रेनिंग है, चार दिन."

इक्बालनं माझ्याकडे पाहिलं. मी खजुराच्या ताटलीकडे पाहिलं. ट्रेनिंग. म्हणजे घरी माहीत नव्हतं. समोर भिंतीजवळ एक कुबडी टेकवून ठेवलेली होती, ती म्हाताऱ्याची नव्हती, उंच माणसाची होती. मला तो व्रण आठवला आणि सगळं एकदम कळलं.

गिऱ्हाइकाची गोष्ट त्याच्या घरी सांगायची नाही, हे दुकानात काम करणारा पहिल्या महिन्यात शिकतो. मी म्हणू शकलो असतो की बिलात चूक झाली आहे, हमदचा नंबर द्या. तसं वाक्य मी मनात जुळवलंही. पण म्हाताऱ्यानं 'इतक्या लांब बिलासाठी आलात?' असं विचारलं असतं तर पुढचं खोटं माझ्याकडे नव्हतं. आणि अशा भानगडीत जाणारा वेळ मला परवडणारा नव्हता.

"चाचा," मी म्हणालो, "तो जॉर्जियाला गेलाय. बर्फावर. फळी मी दिली आहे, आणि ती बांधताना माझी चूक झाली आहे."

ते ओरडले नाहीत. त्यांनी कॉफीचं भांडं हळूच खाली ठेवलं. दोन वर्षांपूर्वी सलीम वाळूच्या टेकडीवरून फळीसकट कोसळला होता, नडगीत अजून सळई होती, आणि पुन्हा फळीवर पाय ठेवणार नाही असं त्यानं आईच्या समोर कबूल केलं होतं. हे त्यांनी मला सांगितलं ते माझ्याकडे न पाहता, दाराकडे बघत. मग हात पुढे केला. मी पिशवी दिली. त्यांनी लांब आणि आखूड स्क्रू चिमटीत धरून शेजारी शेजारी पाहिले. होड्या बांधणाऱ्याला आणखी काही सांगावं लागलं नाही.

त्यांनी हमदच्या भावाला फोन केला आणि हमदचा नंबर मिळवला. मी सगळं लिहिलं, दोन्ही स्क्रूंचा फोटो जोडला. त्यांनी स्वतःच्या आवाजात अरबीत एक निरोप पाठवला, पाच-सहा शब्दांचा. दोन्हींपुढे एकेक टिक पडली आणि तिथेच राहिली.

"नेटवर्क नहीं होगा," इक्बाल म्हणाला.

शुक्रवारी सकाळी मी घरी होतो. सुनंदा, माझी बायको, जवळच्या क्लिनिकमध्ये नर्स. तिनं पोहे समोर ठेवले, मी फोनकडे बघत बसलो. "पडला असेल तर त्याच्या वडिलांचा फोन आला असता," ती म्हणाली. तिच्या पेशातली समजूत घालायची पद्धत अशीच, सरळ. अकरा वाजता हमदला पाठवलेल्या निरोपापुढे दोन टिका झाल्या, लगेच निळ्या झाल्या. त्यानं वाचलं होतं. मी उभा राहिलो. उत्तर आलं नाही. साडेअकरा, बारा. एक टिक होती तेव्हा निदान आशा होती की दोघंही अजून हॉटेलात असतील. आता त्यानं वाचलं होतं आणि तो गप्प होता.

सव्वा वाजता सलीमच्या फोनवरून फोटो आला. हातमोजा काढलेला लालबुंद तळहात आणि त्यावर माझे स्क्रू. मी मोजले. सहा होते.

"बाकीचे दोन?" मी लिहिलं.

"डोंगरावर," उत्तर आलं. "डाव्या पायाचे."

सुनंदानं फोन माझ्या हातातून घेऊन वाचला आणि पाण्याचा ग्लास दिला.

नंतर कळलं ते असं. त्यांचे फोन फक्त हॉटेलच्या वायफायवर चालत होते, आणि ते शुक्रवारी सकाळी उशिरापर्यंत बंद पडलेलं होतं. सकाळी सलीम खालच्या सोप्या उतारावर तीनदा घसरून आला होता. पायाखाली टिकटिक येत होती, ती त्याला नव्या बुटाची वाटली. हमद हातमोजे विसरला म्हणून हॉटेलात परतला, निरोप पाहिला आणि फोन तिथेच टाकून धावला. सलीम तेव्हा सगळ्यात वरच्या टोकाला जाणाऱ्या, दोरावरच्या पाळण्याच्या रांगेत उभा होता. हमदनं त्याला तिथूनच मागे ओढलं.

दुपारी सलीमचा आणखी एक मेसेज आला. "तू माझ्या वडिलांना सांगितलंस." मी लिहिलं, "हो."

तीन आठवड्यांनी बाप-लेक दुकानात आले. फळी वडिलांच्या काखेत होती. थॉमस काउंटरमागून उठला आणि केबिनमध्ये जायचं की नाही ते न ठरवता मध्येच उभा राहिला. म्हाताऱ्यानं फळी माझ्या टेबलावर ठेवली.

"गलती किसकी?"

"माझी," मी म्हणालो. "आणि त्याच्या पायाचा व्रण मी पाहिला होता. विचारायला हवं होतं, तेही विचारलं नाही."

"पूछते तो वो फुटबॉल बोलता."

"तेच बोलला," मी म्हणालो. सलीम जमिनीकडे बघत होता.

म्हाताऱ्यानं फळीची कड डोळ्याशी धरून पाहिली, पेरानं वाजवली, अगदी मी वाजवतो तशी. लाकूड कसं चिकटवलंय, पाणी आत का शिरत नाही, हे विचारलं. मी सांगत गेलो. काम चोख आहे, असं त्यांनी मान्य केलं. मग विचारलं, "ये चीज मेरे लडके के लायक है?"

इतकी वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर उभ्या उभ्या देत आलो होतो. त्या दिवशी दिलं नाही. "मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी त्याला घसरताना पाहिलेलं नाही. कुणालाच पाहिलेलं नाही."

"मैंने भी नहीं," ते म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी आम्ही चौघं दुबईला गेलो, इक्बाल गाडी चालवत होता. तिथल्या एका मॉलमध्ये खरा बर्फ पाडलेला उतार आहे. लांब स्क्रू मी मस्कतमध्येच बसवले होते, तरी उताराच्या पायथ्याशी गुडघ्यावर बसून पुन्हा एकेक आवळला. भाड्याच्या जाड कोटात मी घामाघूम झालो होतो. सलीमच्या आग्रहानं मी नवशिक्यांच्या पट्ट्यावर एकदा त्याच्या कडक फळीवर उभा राहिलो. ती मला न विचारता निघाली. मी वळायला गेलो तर ती वळेचना, आणि दहा-बारा फुटांवर मी आडवा झालो. तळव्यानं दाबून जे मला इतकी वर्षं कळल्यासारखं वाटत होतं ते पायांना पहिल्यांदा कळलं.

मग सलीम वरून निघाला. पहिल्या वळणाला त्या फळीचा आवाज आला, मांजरपाट फाडतात तसा सलग, कुठे थरथर नाही. सुंदर होतं ते. मी टिकटिक ऐकायचा प्रयत्न करत होतो. दुसऱ्यांदा आला तेव्हा मला दिसलं. उजव्या पायाच्या वळणाला तो फळीवर पूर्ण भार टाकत होता. डाव्या पायाच्या वळणाला ऐन वेळी अंग चोरत होता आणि फळी तेवढ्यापुरती त्याच्या हातून निसटत होती. मऊ फळीनं ते सांभाळून घेतलं असतं.

तो जवळ येऊन थांबला. गप्प राहायचा मोह मला झाला, फळी चांगल्या किमतीला गेली होती आणि दिवसही चांगला चालला होता.

"डावा पाय हिला दाबत नाहीये," मी म्हणालो. "ही तुझ्यासाठी नाही. मधल्या जातीची घे, मी बदलून देतो."

त्यानं गॉगल वर केला. "मला माहीत आहे," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. एकदा शेवटचं जाऊन येतो, मग बदल."

त्याचे वडील तोवर काचेपलीकडे चहा घेऊन बसले होते. आता पाहतो तर ते आत आले होते, दिशदाशावर भाड्याचा निळा कोट, पायात भाड्याचे बूट, एकेक पाऊल चाचपत. ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. वर पाळण्यातून सलीम उतरला, लहान दिसत होता. त्यानं बूट आवळले, हात वर केला आणि निघाला. म्हाताऱ्यानं माझं मनगट धरलं. प्रत्येक डाव्या वळणाला बोटं रुतत गेली. ते ओठांतल्या ओठांत काही म्हणत होते, मीही मनात काहीतरी म्हणत होतो. सलीम शेवटचं वळण घेऊन खाली आला, आमच्यासमोर थांबला, वाकून पायातल्या पकडी सोडवल्या, फळी उचलून काखेत मारली आणि आमच्याकडे चालत आला, तरी त्यांनी माझं मनगट सोडलं नव्हतं.